मोठ्या पोपटाचे पालकत्व : मावळ व लोणावळा परिसराच्या संदर्भात एक निर्णयविचार

सारांश

मॅकॉ, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे यांसारखे मोठे परदेशी पोपट घरी पाळण्याची हौस शहरी कुटुंबांत दिसून येते. असे पक्षी काही वर्षांनी मूळ मालकाला नकोसे होतात आणि 'कोणी दत्तक घेता का?' असा प्रश्न निर्माण होतो. हा पक्षी स्वीकारावा की नाही, याचा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. कायद्याची चौकट, पक्ष्याच्या शारीरिक व मानसिक गरजा, मावळ-लोणावळ्याचे हवामान, येथील घरांची विशिष्ट रचना आणि पालकानंतरच्या पालकाचा प्रश्न या पाच अंगांनी विचार केला आहे. पालकाच्या आवडीपेक्षा पक्ष्याचा रोजचा सोबती कोण, या प्रश्नाला निर्णयात अग्रक्रम मिळावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पोपट, दत्तक, वन्यजीव संरक्षण कायदा, सायटीस, मावळ, लोणावळा, प्राणीकल्याण

प्रस्तावना

मराठी माणसाच्या घराशी पोपटाचे नाते जुने आहे. राघू, रावा, कीर, मिठू अशी कितीतरी नावे त्याला मिळाली. अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची' हा शब्दही त्याच्यावरूनच रूढ झाला. ओसरीवर टांगलेला पिंजरा, त्यात हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ हे चित्र दोन पिढ्यांपूर्वी सर्वत्र आढळत असे. आज त्या चित्राची जागा वेगळ्याच पक्ष्यांनी घेतली आहे. दक्षिण अमेरिकेतील मॅकॉ, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडील काकाकुवा आणि मध्य आफ्रिकेतील करडा पोपट हे पक्षी आता येथील घरांत दिसू लागले आहेत.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ तालुका आणि त्यातील लोणावळा हे गिरिस्थान या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मध्ये असल्यामुळे येथे सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. निवृत्तीनंतर तळेगाव दाभाडे, कामशेत, लोणावळा येथे स्थायिक होणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. मोकळी जागा, झाडी आणि शांतता यांमुळे 'हा पक्षी शहरातल्या फ्लॅटपेक्षा येथेच सुखात राहील' असा समज सहज होतो. हा समज कितपत टिकतो, हे तपासणे आवश्यक आहे.

'दत्तक' हा शब्द येथे बारकाईने घ्यावयास हवा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार विधिवत झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. कायद्याने पक्ष्याला हा दर्जा दिलेला नाही. तथापि, शब्द वापरताना त्यामागील परत न फिरण्याची बांधिलकी मात्र गृहीत धरली पाहिजे. ज्याला एकदा घर सोडावे लागले आहे, अशा पक्ष्याच्या बाबतीत तर ती अधिकच महत्त्वाची ठरते.

उद्दिष्टे

१) मोठा पोपट स्वीकारण्यासंबंधीची कायदेशीर चौकट स्पष्ट करणे.
२) या पक्ष्याच्या नैसर्गिक गरजांचा परिचय करून देणे.
३) मावळ-लोणावळा परिसरातील हवामान व राहणीमान यांच्या संदर्भात त्या गरजा तपासणे.
४) निर्णयासाठी उपयुक्त असा प्रश्नक्रम मांडणे.

पोपट आणि भारतीय परंपरा

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात क्टेसियस या ग्रीक लेखकाने भारतातील माणसासारख्या बोलणाऱ्या पक्ष्याचे वर्णन केले आहे. आपल्याकडे पहाडी पोपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पोपटाला पाश्चात्त्य पक्षिशास्त्रात अलेक्झांडरचे, म्हणजे सिकंदराचे, नाव मिळाले आहे. संस्कृतातील 'शुकसप्तती' हा कथासंग्रह मराठीत 'शुकबहात्तरी' या नावाने परिचित आहे. त्यात घरधनी प्रवासाला गेला असता पोपट रात्रीमागून रात्र कथा सांगून त्याच्या पत्नीला घरी थांबवून ठेवतो.

या परंपरेत पोपट हा शहाणा, स्वामिनिष्ठ आणि घरात रमलेला पक्षी म्हणून येतो. मालक दूर गेला तरी तो घर सांभाळतो. प्रत्यक्षातील पक्षी मात्र असा नसतो. मालक दूर गेला की पिंजऱ्यातला पोपट कथा सांगत नाही. तो ओरडतो, अन्न टाकतो किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो. पाळलेल्या पोपटाविषयीच्या अनेक चुकीच्या अपेक्षा या साहित्यिक प्रतिमेतून नकळत आलेल्या आहेत, असे म्हणता येईल.

कायदेशीर चौकट

निर्णयाची पहिली पायरी पक्ष्याची जात ओळखणे ही होय. कारण जातीनुसार कायद्याचे उत्तर संपूर्णपणे बदलते.

अ) देशी पोपट : मावळात नेहमी दिसणारा कंठवाला पोपट, जांभळट डोक्याचा तोई पोपट, पंखावर लाल डाग असणारा पहाडी पोपट या सर्व देशी जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे व पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, कायद्याच्या सर्वसाधारण भंगासाठीच्या दंडाची कमाल मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहेच. 'आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे' किंवा 'पिल्लू झाडाखाली पडलेले सापडले' ही कारणे पक्षी घरी ठेवण्याचा परवाना ठरत नाहीत. त्यामुळे देशी पोपट दत्तक घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. असा पक्षी वनविभागाकडे सोपविणे हाच योग्य मार्ग होय. मावळात वडगाव मावळ व शिरोता येथील वनपरिक्षेत्रे आहेत. तसेच वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक राज्यभर उपलब्ध आहे.

येथे आणखी एक सूचना आवश्यक आहे. सद्भावनेने पिंजऱ्याचे दार उघडून पोपट 'मुक्त' करणे हे बहुधा त्याला मृत्यूच्या हवाली करणे ठरते. पंख कापलेल्या, उडण्याचा सराव गेलेल्या आणि अन्न शोधण्याचे शिक्षण न मिळालेल्या पक्ष्याला टप्प्याटप्प्याने निसर्गाशी जोडावे लागते. हे काम प्रशिक्षित पुनर्वसन केंद्राचे आहे.

आ) परदेशी पोपट : भारत १९७६ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. वन्य प्राणी व वनस्पतींच्या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या या करारात पोपटांचा जवळजवळ संपूर्ण गण समाविष्ट आहे. बजरीगार, कॉकटील, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि कंठवाला पोपट हे चारच अपवाद आहेत. लाल मॅकॉ, हायसिंथ मॅकॉ हे पहिल्या, म्हणजे सर्वाधिक कडक, परिशिष्टात आहेत. आफ्रिकन ग्रे पोपटाची जंगलातून बेसुमार पकड झाल्यामुळे २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथील परिषदेत त्यालाही पहिल्या परिशिष्टात स्थान देण्यात आले. निळा-पिवळा मॅकॉ दुसऱ्या परिशिष्टात आहे.

या कराराला देशांतर्गत कायद्याचे बळ २०२२ च्या दुरुस्तीने मिळाले. सायटीसमधील प्रजातींसाठी चौथी अनुसूची तयार झाली आणि कलम ४९-एम अन्वये अशा जिवंत प्राण्यांचा ताबा, हस्तांतरण, जन्म व मृत्यू यांची नोंद बंधनकारक ठरली. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झाले व नोंदणी 'परिवेश २.०' या शासकीय संकेतस्थळावर करावयाची आहे. आधीपासून ताब्यात असलेल्या प्राण्यांच्या नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत होती. ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. म्हणून दत्तक देणाऱ्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. प्रमाणपत्र नसल्यास 'आधी पक्षी नेऊ, कागद नंतर बघू' असे न करता वनविभागाचे मार्गदर्शन घ्यावे. प्रमाणपत्र असल्यास हस्तांतरणाची नोंद आपल्या नावे करून घेणे ही नव्या पालकाची जबाबदारी आहे.

इ) प्राणीकल्याणाचा कायदा : १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हे क्रौर्य मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मधील नागराज प्रकरणाच्या निर्णयात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा पुरस्कार केला : भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, वेदना व रोगापासून, भय व क्लेशापासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तन करण्याचे स्वातंत्र्य. यांपैकी पहिली चार सुजाण पालक देऊ शकतो. पाचवे मात्र मोठ्या पोपटाला घरात देणे अत्यंत कठीण आहे.

मोठ्या पोपटाचे स्वरूप व गरजा

निळा-पिवळा मॅकॉ शेपटीसह सुमारे ८५ सेंटिमीटर लांब व एक किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी एक मीटरहून अधिक भरते. यावरून बाजारातील सामान्य पिंजरा त्याला किती अपुरा आहे, याची कल्पना येईल. शिवाय जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चावल्याने जस्ताची विषबाधा होण्याचा धोका असतो.

आयुर्मान हा दुसरा मुद्दा होय. योग्य निगा राखल्यास मॅकॉ व मोठा काकाकुवा पन्नास वर्षे वा त्याहून अधिक जगू शकतो. आफ्रिकन ग्रेही चाळीस-पन्नास वर्षांपर्यंत जगल्याची उदाहरणे आहेत. कुत्रा किंवा मांजर पाळण्याचा अनुभव येथे पुरेसा ठरत नाही.

बुद्धी हा तिसरा मुद्दा. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ मध्ये शिकागोतील दुकानातून घेतलेल्या 'ॲलेक्स' या आफ्रिकन ग्रे पोपटावर तीस वर्षे अभ्यास केला. तो शंभराहून अधिक शब्द वापरीत असे, वस्तूंचे रंग, आकार व पदार्थ ओळखीत असे आणि लहान संख्या मोजीत असे. २००७ मध्ये, ३१ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. या संशोधनाने 'पोपटपंची' या शब्दामागील समज बराचसा खोटा ठरविला. तथापि, त्यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सुखावह नाही. एवढी बुद्धी असलेल्या प्राण्याला दिवसभर रिकामे बसविणे ही त्याला दिलेली शिक्षाच होय. रानात पोपटाचा दिवस थव्यासोबत उडण्यात आणि अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यातील वाटी काही मिनिटांत संपते. उरलेल्या वेळाचे काय करावयाचे, हा प्रश्न पालकाने रोज सोडवावयाचा असतो. तो न सुटल्यास पिसे उपटणे, अखंड ओरडणे, चावणे असे वर्तन सुरू होते.

चौथा मुद्दा वयात येण्याचा. लहानपणी लाघवी असणारा काकाकुवा किंवा मॅकॉ साधारणतः चार-सहा वर्षांचा झाल्यावर वयात येतो. त्यानंतर तो घरातील एका व्यक्तीला जोडीदार मानतो व इतरांवर हल्ला करू शकतो. अनेक पक्षी नेमके याच टप्प्यावर घराबाहेर काढले जातात. म्हणून दत्तक येणारा पक्षी बहुधा प्रौढ, सवयी पक्क्या झालेला आणि एकदा जोडीदार गमावलेला असतो, हे ध्यानात घ्यावे.

आहाराच्या बाबतीतही परंपरागत समज बदलावे लागतात. तिखटाची जाणीव करून देणारे द्रव्य पक्ष्यांना झोंबत नाही, म्हणून पोपट मिरची आवडीने खातो. परंतु केवळ मिरची, डाळ व सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्यात जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता व मेदवृद्धी आढळते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पाने, मोड आलेली कडधान्ये, पेरू, डाळिंब असा विविध आहार आवश्यक असतो. चॉकलेट व ॲव्होकॅडो हे पोपटासाठी विषारी आहेत. लोणावळ्याची ओळख असलेली चिक्कीही साखर-गुळाच्या प्रमाणामुळे त्याच्यासाठी योग्य नाही.

मावळ-लोणावळा परिसराचा विचार

अ) हवामान : लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. तेथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वेकडे वडगाव, तळेगावकडे जाताना हे प्रमाण झपाट्याने घटते. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांच्या पश्चिम टोकाला मात्र पावसाळ्यात अनेक दिवस धुके व ओल कायम असते.

मॅकॉ व आफ्रिकन ग्रे हे पर्जन्यवनातील पक्षी आहेत, म्हणून त्यांना हा पाऊस मानवेल, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. बंद घरातील ओलसर, खेळती नसलेली हवा आणि जंगलातील हवा यांत मोठा फरक आहे. भिंतींवर, धान्यावर व शेंगदाण्यांवर येणाऱ्या बुरशीमुळे श्वसनमार्गाचा ॲस्परजिलोसिस हा रोग होतो आणि या दोन्ही पक्ष्यांत त्याचे प्रमाण विशेष आढळते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असते. पावसाळ्यात कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते, हा लोणावळ्यातील प्रत्येक गृहिणीचा अनुभव आहे. त्याच खोलीत पक्षी श्वास घेणार आहे.

पक्ष्याची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. नॉनस्टिक भांडे अति तापल्यास निघणाऱ्या वायूने काही मिनिटांत पक्षी दगावू शकतो. चुलीचा धूर, उदबत्ती व मच्छर अगरबत्ती यांचाही त्याला त्रास होतो.

आ) सुट्टीचे घर : येथील बंगल्यांची मोठी संख्या सोमवार ते शुक्रवार बंद असते. अशा घरात पक्षी ठेवल्यास आठवड्यातील पाच दिवस त्याला अन्न-पाणी देणारी, पिंजरा स्वच्छ करणारी व त्याच्याशी बोलणारी व्यक्ती म्हणजे बंगल्याचा रखवालदार आणि त्याचे कुटुंब. पक्षी त्यांनाच आपले मानणार. कागदोपत्री पालक मुंबईत वा पुण्यात असला तरी खरे पालकत्व दुसऱ्याच्याच गळ्यात पडलेले असते. ते त्याने मागितलेले नसते, त्याचा मोबदला बहुधा पगारात धरलेला नसतो आणि नोकरी सुटली की त्याला त्या पक्ष्यापासून दूर व्हावे लागते. पक्ष्याच्या दृष्टीने हा आणखी एका जोडीदाराचा वियोग होय. या व्यवस्थेत पक्षी व रखवालदार या दोघांवरही अन्याय होतो. मोठा पोपट येथे आणावा की नाही, याचे उत्तर पुष्कळ अंशी या एका मुद्द्यावर ठरते.

शनिवार-रविवारी परिस्थिती उलट होते. पाहुणे, मोठ्या आवाजातील संगीत, रात्री उशिरापर्यंतचे दिवे यांमुळे दहा-बारा तासांच्या अंधाराची व झोपेची गरज असलेल्या पक्ष्याचे वेळापत्रक कोलमडते. पाच दिवस एकांत आणि दोन दिवस गोंगाट हे चक्र कोणत्याही सामाजिक पक्ष्याला मानवणारे नाही.

इ) वैद्यकीय सोय : पक्ष्यांवर विशेष उपचार करणारे पशुवैद्य प्रामुख्याने पुण्या-मुंबईत आहेत. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवितो. तो पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर आहे. सुट्टीच्या दिवशी द्रुतगती मार्गावर व घाटात होणारी वाहतूककोंडी विचारात घेता हे अंतर तासांत मोजावे लागते. सिटॅकोसिस हा पक्ष्याकडून माणसाला होणारा रोगही असल्यामुळे घरी आणण्यापूर्वी तपासणी व काही आठवडे विलगीकरण आवश्यक ठरते.

ई) शेजार : मॅकॉ व काकाकुवा यांचा आवाज दूर अंतरावर थव्याला हाक देण्यासाठी घडलेला आहे. तळेगावच्या गृहसंकुलातील भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकेत तो सकाळ-संध्याकाळ घुमतो. शेजाऱ्यांची तक्रार हे पक्षी दुसऱ्यांदा घराबाहेर जाण्याचे एक कारण ठरू शकते.

पालकानंतरचा पालक

निवृत्त प्राध्यापक दांपत्य हे या पक्ष्यासाठी आदर्श पालक वाटणे स्वाभाविक आहे. घरात दोघांचाही पूर्ण वेळ, वाचन-बोलण्याची सवय आणि नियमित दिनचर्या असते. हे सर्व गुण खरे आहेत. परंतु साधे गणित मांडून पाहावे. पालकाचे वय ६० आणि मॅकॉचे १२ धरले व पक्षी पन्नास वर्षे जगेल असे मानले, तर पक्ष्याच्या अखेरीस पालकाचे वय ९८ असेल. म्हणजे या घरात पक्षी एकदा तरी अनाथ होणार, हे जवळजवळ निश्चित आहे.

यावरून ज्येष्ठांनी पक्षी स्वीकारूच नये, असा निष्कर्ष निघत नाही. उलट तीस-पस्तीस वर्षांचा प्रौढ पक्षी व साठीतील पालक ही जोडी अधिक जुळणारी ठरू शकते. मात्र वारसाचे नाव आजच ठरले पाहिजे. 'मुले बघतील' हे उत्तर पुरेसे नाही. परदेशी स्थायिक झालेला मुलगा सायटीसच्या पहिल्या परिशिष्टातील पक्षी सहजासहजी सोबत नेऊ शकत नाही. त्यामुळे वारस भारतात राहणारा, पक्ष्याशी आधीपासून परिचित आणि स्वतःहून तयार असावा; त्याची लेखी संमती असावी आणि वेळ येताच हस्तांतरणाची नोंद त्याच्या नावे व्हावी.

निर्णयाचा प्रश्नक्रम

वरील विवेचनाच्या आधारे निर्णयासाठी पुढील प्रश्न क्रमाने विचारता येतील. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आल्यास पुढे जाऊ नये.

१) पक्ष्याची जात निश्चित झाली आहे काय व ती परदेशी आहे काय?
२) सध्याच्या मालकाकडे नोंदणीचा पुरावा आहे काय?
३) आठवड्याचे सातही दिवस त्याच घरात राहणारी व पक्ष्याला रोज काही तास देणारी व्यक्ती कोण? तिची स्वतःची इच्छा आहे काय?
४) पक्षी पंख पसरू शकेल असा पिंजरा आणि पिंजऱ्याबाहेर वावरण्यासाठी सुरक्षित, कोरडी, हवेशीर खोली उपलब्ध आहे काय?
५) आहार, खेळणी व वैद्यकीय खर्च दीर्घकाळ पेलण्याची तयारी आहे काय?
६) शेजाऱ्यांना पूर्वकल्पना दिली आहे काय?
७) पुढील पालकाने होकार दिला आहे काय?

याखेरीज भेटींचा अवधी महत्त्वाचा आहे. पहिल्या भेटीत पक्षी खांद्यावर येऊन बसला म्हणून निर्णय घेणे धोक्याचे असते. अनेक भेटी घ्याव्यात, त्याचा आहार, झोप, भीती व राग यांची टिपणे ठेवावीत आणि मूळ मालक पक्षी का देत आहे, हे समजून घ्यावे. लोणावळ्यात राहणाऱ्याने हा निर्णय जानेवारीत न घेता जुलैत घ्यावा. जानेवारीत हे गाव सर्वांनाच अनुकूल असते. संततधार, वीजपुरवठ्यातील खंड, ओल आणि घरातच काढावे लागणारे दिवस यांत ज्या घराला पक्ष्याची निगा शक्य वाटते, तेच घर वर्षभर ती निभावू शकेल.

नकार आणि पर्याय

विचारपूर्वक दिलेला नकार हाही जबाबदार निर्णयच असतो. दयेच्या भरात स्वीकारलेला पक्षी दोन वर्षांनी पुन्हा दुसऱ्या दारी गेला, तर त्याचे नुकसान मूळच्या नुकसानापेक्षा मोठे असते. अशा पक्ष्याला मोकळे सोडणे हा तर पर्यायच नव्हे. मावळातला साधा कंठवाला पोपट पाळीव पक्ष्यांच्या सुटकेतून लंडनमध्ये पोहोचला आणि १९७० च्या सुमारापासून तेथे वाढत जाऊन आज परका पण कायमचा रहिवासी झाला आहे. मॅकॉसारखा पक्षी येथे सोडल्यास तो बहुधा जगणार नाही. आणि एखादी जात जगलीच, तर ढोलीत घरटी करणाऱ्या देशी पक्ष्यांच्या वाट्याचे घर हिरावून घेईल.

पोपटाविषयी आस्था असणाऱ्यांना मावळात अन्य मार्ग उपलब्ध आहेत. प्राणिसंग्रहालये व उद्याने यांच्या दत्तक योजनांत, उदाहरणार्थ बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, पालक खर्चाचा भार उचलतो आणि प्राणी आपल्या जागीच राहतो. पुनर्वसन केंद्रांना आर्थिक साहाय्य किंवा वेळ देता येतो. याहूनही सोपा मार्ग बंगल्याच्या आवारातच आहे. पोपट स्वतः घरटे बांधत नाही; तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. आवारातील जुना आंबा, वड, उंबर राखणे आणि धोका नसल्यास वठलेले खोड न तोडणे यांमुळे एका पिंजऱ्याऐवजी अनेक घरट्यांची सोय होते. महाविद्यालयांना आपल्या परिसरातील ढोल्यांची व पक्ष्यांची वार्षिक नोंद हा प्रकल्प पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल.

निष्कर्ष

१) देशी पोपट घरी ठेवणे कायद्याने निषिद्ध असल्याने त्याचे दत्तकविधान संभवत नाही, तो वनविभागाकडेच सोपविला पाहिजे.
२) परदेशी मोठा पोपट स्वीकारताना नोंदणी व हस्तांतरणाची नोंद या अनिवार्य बाबी आहेत.
३) मावळ-लोणावळ्यातील मोकळी जागा ही पक्ष्यासाठी आपोआप सोय ठरत नाही. ओल, बुरशी व वैद्यकीय सोयीचे अंतर या वास्तव अडचणी आहेत.
४) सुट्टीपुरते वापरले जाणारे घर हे मोठ्या पोपटासाठी योग्य घर नव्हे. तेथे पालकत्व नकळत रखवालदाराकडे जाते.
५) कायम वास्तव्य असलेले, कोरडी खोली, इच्छुक सोबती आणि निश्चित वारस असलेले कुटुंब प्रौढ पक्ष्याला खऱ्या अर्थाने आधार देऊ शकते.

पोपट हा बोलणारा पक्षी असला तरी आपल्या भवितव्याविषयी त्याला मत देता येत नाही. ते मत त्याच्या वतीने देण्याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर येते. आपल्याला हा पक्षी हवा आहे काय, हा प्रश्न सोपा आहे. या पक्ष्याला पुढील तीस-चाळीस वर्षे आपले घर हवेसे वाटेल काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्याला देता येईल, त्यानेच हे पालकत्व स्वीकारावे.